मोकळी

माणसांची खरेदी-विक्री होत असे, त्या काळी एका गावात देशमुखांच्या घरी लवंगी नावाची बटीक होती. देशमुखांच्या आंधळ्या आईची तिने शेवटपर्यंत सेवा केली. म्हातारीने जाता जाता मुलाकडून वचन घेतलं. त्याने ते पाळलं. लवंगीला दास्यातून सोडलं आणि गावाबाहेर एक झोपडी दिली.

त्या गावात 'मोकळी' म्हणत ते दाव्याविना भटकणाऱ्या गायीला. जिला धनी नाही, जिला कुणीही हाकलावं, अशी. विहिरीवर बायका मुद्दाम विचारत, "आता कुणाची गं तू?" लवंगी म्हणे, "मोकळी." बायका पदराआड हसत. ती मान खाली घालून घागर भरी.

भाजीचे वाफे करून तिने कितीतरी वर्षं काढली. मग गुडघे धरले. पाणी आणवेना. देशमुखांना दया आली. त्यांनी कस्तुरा नावाची एक कोवळी पोर बटीक म्हणून तिला देऊन टाकली.

लवंगीने तिला भाकरी वाढली. पोर ताटाकडे नुसती बघत राहिली. भूक नाही का, असं विचारल्यावर हळूच म्हणाली, जेवायचा हुकूम झाला नाही. तिने पोरीला जवळ घेतलं, घास भरवला, घरचं विचारलं. आई नदीपलीकडच्या गावात होती.

"पोरी, तू माझी नाहीस," लवंगी म्हणाली.

पोर घाबरली. "मग मी कुणाची?"

लवंगीला हसणाऱ्या बायका आठवल्या. गुडघ्यांत कळ येतच होती.

"तू मोकळी. राहायचं तर राहा, आईकडे जायचं तर जा."

सकाळी पोर निघून गेली. पुन्हा आली नाही. लवंगी दुखऱ्या गुडघ्यांनी परत विहिरीवर जाऊ लागली.

देशमुखांना कळलं तेव्हा ते विहिरीवरच आले. हाताशी दिलेला आधार घालवलास, म्हणून रागावले. लवंगीने डोक्यावरची घागर खाली ठेवली.

"सरकार, तिला बांधून ठेवलं असतं, तर मी तरी मोकळी कसली?"

देशमुख परत गेले. सगळ्यांत जास्त हसणारी सगुणा पुढे झाली. तिने लवंगीची घागर आपल्या कमरेवर घेतली आणि झोपडीपर्यंत पोचवली. दुसऱ्या दिवशी दुसरीने पोचवली.

पुढे त्या गावातली म्हातारी माणसं पाया पडणाऱ्या लेकीबाळींना म्हणू लागली, "मोकळी राहा, बाई."

तात्पर्य: ज्याला धनी नाही तो नुसता सुटलेला, जो कुणाचा धनी होत नाही, तोच खरा मोकळा.