राणी शीलप्रभा आणि बाभळीचं बी

एका राज्यात बाभळीला बंदी होती. चिमुकल्या राजपुत्राच्या, जयकेतूच्या, पायात काटा मोडला, एवढंच निमित्त. राजा दुर्धराने राज्यातली बाभूळ मुळासकट खणून काढली. राजाचा राग, दुसरं काय! पण त्या बाभूळबनात कंटकनाथ नावाचा मांत्रिक राहत होता. तो दरबारात आला, त्याने राजपुत्राच्या मस्तकावर हात ठेवला. मूल दिसेनासं झालं आणि तिथे बाभळीचं एक काळपट बी उरलं.

"या बीचं झाड होऊन त्याला फूल येईल, तेव्हा पुत्र परत मिळेल," मांत्रिक म्हणाला. "बी मेलं, तर तोही मेला."

राजाने हाय खाल्ली आणि प्राण सोडला. राणी शीलप्रभेने ते बी जिवापाड जपलं. चंदनी मातीत लावलं, दुधाने शिंपलं, भोवती पहारा बसवला. बी ढिम्म हललं नाही. वर्षं लोटली. बाभूळ गेली तशी माळांची माती उडून गेली, माणसं परागंदा झाली.

एके दिवशी एक साळुंकी खिडकीत बसून मनुष्यवाणीने बोलू लागली.

"राणी, हे बाभळीचं बी आहे, मोगऱ्याचं रोप नव्हे. कवच दुखावल्यावाचून ते जागं व्हायचं नाही. खरबरीत दगडावर घास. उकळतं पाणी ओत. मग उघड्या माळावर पेर आणि कुंपण घालू नकोस."

"आणि ते मेलं तर?"

"तर मेलं," म्हणून साळुंकी उडून गेली. पाखरांना कुठली आलीय दयामाया?

राणीने बी उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. त्यातच आणखी कितीतरी वर्षं गेली, खोटं कशाला सांगू? अखेर म्हातारी दासी म्हणाली, "राणीसाहेब, आपल्यामागे याला कोण पाहील?"

तेव्हा राणी उठली. तिने बी दगडावर घासलं, डोळे मिटून वर आधण ओतलं आणि ओक्साबोक्शी रडली. फुगलेलं बी तिने माळावरच्या मुरमात पेरलं.

कोंब आला. आधी मूळ खोल गेलं, मग पानं आली, पांढरे लांब काटे आले. शेळ्यांनी शेंडा खाल्ला. राणीचा जीव तुटला, पण तिने काठी उचलली नाही. खाल्ल्या जागी नव्या फांद्या फुटल्या, झुडूप पसरलं, मुळांनी माती धरली. एका पावसाळ्यात पिवळी गोंडेदार फुलं लगडली आणि झुडपातून एक पुरुष बाहेर आला. त्याची दाढी पिकू लागली होती.

"आई," जयकेतू म्हणाला, "ते उकळतं पाणी कोणी ओतलं?"

"मीच, बाळा. मला क्षमा कर."

"आत फार काळोख होता. इतकी वर्षं का थांबलीस?"

राणीने त्याच्या पिकत्या दाढीवरून हात फिरवला.

जयकेतू गादीवर बसला. त्याने बंदी उठवली, माळांवर बाभूळ पेरली, परागंदा माणसं घरी आली. त्या राज्याचं गेलेलं सारं परत आलं, तसं तुमचंही येवो. जयकेतूचं बालपण तेवढं आलं नाही.