बुडालेलं काढून मिळेल

"दम किती धरतस गो?" आपल्या दारात बसलेल्या बाबी तांडेलने विचारलं.

"साडेतीन मिनटां," हर्षला म्हणाली.

"आणि वर काय हाडलंस?"

हर्षलाने रिकामे हात मागे घेतले. नखांत खाडीचा काळा चिखल होता.

बाबी तांडेल म्हणजे आमच्या बंदरातला जुना पाणबुड्या. चाळीस वर्षं खाडीत बुड्या मारल्या, आता काठी घेऊन चालतो. हर्षला कुबल बावीस वर्षांची. बुडी मारायला तिला त्यानेच शिकवलं. कुणाचं न ऐकायला ती स्वतःच शिकली.

मासेमारी सुरू झाली त्या आठवड्यात तिने धक्क्यावर पाटी लावली होती: 'बुडालेलं काढून मिळेल.' अख्खं बंदर खो खो हसलं. कुणी विचारी, आमच्या पोराची शाळा बुडते, काढशील? कुणी म्हणे, बापाचं नाव बुडवून बसलोय, तेवढं बघ. टिंगलीला आमच्याकडे कधी तोटा नसतो. खोटं कशाला बोलू, मीही हसलो होतो.

गिऱ्हाईक एकच आलं, सान्तान मिरांडा. त्याच्या होडीचं इंजिन खाडीच्या तोंडाशी दोन पुरुष पाण्यात रुतलं होतं. त्या इंजिनावर त्याची चूल पेटायची. हर्षलाने तीनदा दोर बांधून ओढलं. दोनदा दोर तुटला, तिसऱ्यांदा तिची होडीच कलंडली. शनिवारपर्यंत इंजिन आलं नाही तर पाटी उतरव, असा मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनने तिला दम दिला.

आज शुक्रवार होता.

"मगे, पाटी उतरवतलंस?" बाबीने विचारलं.

"उतरवचंय नाय."

"समुद्रान गिळलेला परत मागू नये म्हणतत."

"म्हणांदेत. इंजिन घेवन समुद्र काय करतलो?"

"आणि धंदो बुडालो तर?"

"काढतलंय. तोच धंदो माझो."

म्हातारा हसला नाही...

मग तो काठी टेकत उठला. दाराशी पाण्याचं निळं पिंप होतं, ते त्याने कलतं केलं. उरलंसुरलं पाणी माडाच्या मुळाशी गेलं. रिकामं पिंप त्याने पायाने तिच्याकडे ढकललं.

"इंजिनाक बांध. तोंड खाली करून."

"आणि?"

"खाली जा. दम सोड त्येच्यात."

हर्षला उसळली. "आजानू, दम सोडूक सांगतास? इतकी वर्सां तुमीच धरूक शिकवलास!"

म्हाताऱ्याने काठीने पिंप आणखी तिच्याकडे सरकवलं.

"साडेतीन मिनटां! ह्या बंदरात दुसरो कोण धरता?"

"धरून झाला मा?"

ती पिंप उचलून तणतणत निघाली. नमस्कारसुद्धा केला नाही.

शनिवारी ओहोटीला तिने पिंप पाणी भरून बुडवलं, उपडं करून इंजिनाला घट्ट बांधलं. मग वर आली, छाती भरून घेतली, खाली गेली आणि पिंपाच्या तोंडाखाली छाती रिकामी केली. बुडबुडे आत शिरले, तेवढंच पाणी बाहेर पडलं. परत वर, परत खाली. साडेतीन मिनिटं राहू द्या, एका बुडीला अर्धं मिनिटही पुरत होतं. धक्क्यावरचे लोक हसत मोजत होते. दहापर्यंत हसले. पुढे नुसतेच मोजू लागले.

सव्विसाव्या बुडीला चिखल सुटला. निळं पिंप उसळून वर आलं, त्याखाली लोंबत सान्तानचं इंजिन. सान्तानने कपड्यांसकट उडी टाकली. इंजिनाला मिठी मारून तो रडला, आणि मला त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही. माझे स्वतःचेही डोळे भरून आले होते. चेअरमन पाटीखालूनच घरी गेला, पण त्याने मान वर केली नाही.

संध्याकाळी हर्षला पिंप घेऊन म्हाताऱ्याच्या दारात उभी राहिली. ओठ निळे, आवाज बसलेला, मान मात्र ताठ.

"इंजिन इला. पाटी थयच आसा. ह्या तुमचा पिंप."

बाबीने पिंपाला हात लावला नाही...

"ऱ्हवांदे तुझ्याकडेच. धंदो बुडालो तर लागतला."