खारींची ढोली

फार मागची गोष्ट, एका चिंचेवरची. तिथल्या खारींची रीतच होती, जे मिळेल त्यातला एक दाणा आधी ढोलीत टाकायचा. म्हातारी, बाळंतीण, पाय मोडलेली, कुणीही त्यातून खावं.

नदीपलीकडचं रान जळालं, तशा तिथल्या खारी इकडे आल्या. त्याही ढोलीत दाणा टाकत. पण शेंड्यावरचा कोतवाल पक्षी ते कधी सांगायचा नाही. "परक्या ढोली फस्त करतायत हो!" असं दिवसभर ओरडायचा. मी म्हणते, ढोलीत डोकावून बघायला काय झालं होतं?

आधी गंगी खार चिडली. "मी काय ह्यांच्यासाठी राबू?" तिने दाणा टाकणं सोडलं, मग सगळ्यांनीच. परक्यांनाही हाकलून दिलं.

पुढे गंगी बाळंत झाली आणि तिला उठवेना. शेजारीण ढोलीपर्यंत जाऊन रिकामीच आली.

"काही नाही गं आत. खाल्लं मेल्या परक्यांनी!"

"अगं भवाने, त्या कधीच गेल्या!" गंगी कण्हत ओरडली. "त्यानंतर आपल्यातल्या कुणी टाकलाय का एक तरी दाणा?"

शेजारीण खाली बघत आपल्या भरल्या घरट्याकडे निघून गेली. पिल्लं गंगीच्या कोरड्या आचळांना लुचत राहिली.