एका चुलीचं रान

या, माझ्या मागून या. पायवाट सोडू नका. दोन्ही अंगांना रानलसूण माजलाय, त्यावर पाय पडला की दिवसभर कपड्यांना फोडणीचा वास येतो. हे एल्डरकोमचं रान. ओक, ॲश, हेझल, लाइम, सगळी रुंद पानांची झाडं. लाइम म्हटलं म्हणून वर लिंबं शोधू नका. मागच्या वर्षी तुमच्यासारख्याच एका मंडळातले काका तासभर मान वर करून फिरले, आणि परतताना बसमध्ये मान धरून बसले.

इथे जरा थांबू. हा थोरला लाइम. कमरेएवढ्या उंचीवर खोडाभोवती हा जाड वळ दिसतोय ना? बाळाला करगोटा बांधावा तसा झाडाला बांधलाय. हात लावून बघा, झाड रागावत नाही. वळ पुरता गोल नाही. या बाजूला पंजाएवढी जागा साफ आहे, इथे साल वरपासून खालपर्यंत सलग आली आहे. आणि या लोकरीच्या चिंध्या गावकऱ्यांनी बांधलेल्या. हिवाळ्यात बांधतात, पालवी आली की सोडतात, दोनचार विसरून राहतात. वटपौर्णिमेसारखं काही आहे का, असं मघाशी कुणीतरी विचारलंत. गुंडाळण्यापुरतं साम्य आहे खरं. पण इथे नवऱ्यासाठी कुणी काही मागत नाही.

ही गोष्ट मला आमच्या शेजारच्या वॉल्टरने सांगितली. शेताची कुंपणं विणण्यात त्याचा जन्म गेला. दर दोन वाक्यांनी तो ‘असं सांगतात’ म्हणायचा, म्हणजे काही खोटं निघालं तर पाप त्याच्या माथी नको. मीही तसंच सांगणार आहे.

त्या काळी एल्डरकोम म्हणजे मूठभर झोपड्या होत्या. रान जहागीरदाराचं. गावाला हक्क एवढाच की वाळलेलं लाकूड वेचून न्यावं. हिरव्या झाडाला कुणी एकाने जरी कुऱ्हाड लावली, तरी सबंध गावाचा हक्क बंद. लाकूड पुरत होतं तोवर नियम पाळणं कुणाला जड गेलं नाही. मग एक असा हिवाळा आला म्हणे, की ओढा तळापर्यंत गोठला आणि रानातली शेवटची काटकीसुद्धा वेचून झाली.

तेव्हा कुणाला तरी युक्ती सुचली. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही ती ठाऊक आहे. खोडाची साल पट्ट्यासारखी गोल सोलून काढायची. झाड तोडलं नाही, फांदी मोडली नाही, पण वर्षा-दीडवर्षात ते उभ्याउभ्या वाळतं. वाळलं की ते वाळलेलं लाकूड, म्हणजे नियमाने आपलंच. ज्याने हे पहिल्यांदा केलं तो कुणाशी बोलला नाही. ज्याने ते पाहिलं, त्याने पाहिलं नाही असं दाखवलं आणि दोन दिवसांनी स्वतः चाकू घेऊन गेला. असं करत घराघरातून एकेक माणूस रानात जाऊन आला. प्रत्येकाला वाटत होतं, एका झाडाने काय होतंय.

दुसऱ्या हिवाळ्यात चुली भडाभडा पेटल्या. तिसऱ्या वसंतात मात्र निम्म्या रानाला पालवी फुटली नाही. पाखरं दुसरीकडे गेली. रविवारी देवळात सगळे खांद्याला खांदा लावून बसत आणि रानाला कसली कीड लागली कोण जाणे, म्हणून हळहळत. सगळ्यांत मोठ्याने हळहळायचा गॉडविन लोहार. साहजिकच होतं, चोराच्या मनात चांदणं.

गावाच्या टोकाला एडिथ नावाची विधवा राहायची. लोकर कातून पोट भरायची. तिला एकच लेक, मॉड. पोरीची छाती अशक्त होती. थंडी सुरू झाली की खोकला, आणि शेक मिळाला नाही तर श्वास लागायचा. एडिथने तोवर एकाही झाडाला हात लावला नव्हता. पुण्यवान होती म्हणून नव्हे, जहागीरदाराच्या कारभाऱ्याला भीत होती म्हणून. वॉल्टर हे आवर्जून सांगायचा आणि मला ते आवडायचं. संत बायकांच्या गोष्टी ऐकून ऐकून आपल्याला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

पण त्या शरद ऋतूत मॉडचा खोकला लवकर सुरू झाला. घरात लाकूड नव्हतं आणि रानात ती बोडकी झाडं उभी होती, ती आपापल्या मालकांची. कुणाची कुठली, हे न बोलता ठरलेलं होतं. आपल्या नावचं एकही झाड नाही, हे एडिथच्या ध्यानात आलं. आणि मग भर दुपारी, सगळे कापणीत असताना, ती चाकू घेऊन इथे आली. या लाइमपाशी. रानातलं सगळ्यांत थोरलं झाड, म्हणून आजवर याला हात लावायला कुणी धजावलं नव्हतं.

खोड इतकं रुंद, की पलीकडचा माणूस दिसत नाही. बघा ना, तुमच्यातल्या दोघी मागे उभ्या आहेत आणि मला दिसत नाहीत. एडिथ साल सोलत, सरकत सरकत या बाजूला आली आणि थांबली. समोरून दुसरा चाकू येत होता. चाकूमागे गॉडविन लोहार होता. दोघेही एकाच झाडाची साल दोन अंगांनी सोलत आले होते, आणि दोन चाकूंच्या मध्ये पंजाएवढी साल उरली होती.

मग एडिथ म्हणाली, “गॉडविनदादा, तुमच्या घरी तर छपरापर्यंत लाकूड रचलंय.”

“आहे.”

“मग हे कशाला?”

लोहाराने चाकू खाली केला. “भीती वाटते गं,” तो म्हणाला. “रचलेल्याकडे बघतो आणि वाटतं, पुरणार नाही.”

“माझ्या पोरीला या हिवाळ्यात शेक हवाय,” एडिथ म्हणाली. “हे झाड वाळेल तेव्हा ती असेल का, तेसुद्धा मला माहीत नाही. तरी सोलत आले. दुसरं काही सुचेना.”

उरलेली साल त्यांनी तशीच राहू दिली. संध्याकाळी गॉडविन पाठीवर मोळी घेऊन एडिथच्या दारात उभा राहिला. मागून त्याची बायको आली, म्हाताऱ्या सासूला धरून. घरातलं लाकूड इकडे आणल्यावर दोन चुली कशाला पेटवायच्या, असा तिचा साधा सवाल होता. बायका हिशेबाला पक्क्या असतात, मग देश कुठलाही असो. दुसऱ्या दिवशी शेजारचे आले. लोहाराने आपण काय केलं ते सांगितलं होतं. मग हळूहळू एकेकजण म्हणू लागला, मीही एक झाड सोललंय. कुणीच कुणाला बोल लावला नाही, कारण बोल लावायला मोकळं तोंड कुणाचंच उरलं नव्हतं. आठवडा गेला नाही तो सगळं गाव एडिथच्या झोपडीत कोंबून बसू लागलं. रांधणं तिथेच, कातणं तिथेच, भांडणंही तिथेच. पोरीला हलवायला नको म्हणून चूल तिच्या उशाशी आली. आणि सगळ्यांना कळलं, की घरोघरी रानभर लाकूड जाळून जी ऊब मिळत नव्हती, ती एका चुलीत मिळते आहे.

चूल घरात आल्यावर एडिथने मॉडच्या अंगावरचं जाड घोंगडं काढलं. इथे येऊन झाडाच्या उघड्या पडलेल्या अंगावर तिने चिखल-शेणाचा लेप दिला आणि वरून ते घोंगडं आवळून बांधलं. तिचं बघून बाकीच्यांनी आपापल्या झाडांना बांधलं. बहुतेक झाडं हाताबाहेर गेली होती. लोकांनी तरीही बांधलं.

नाताळच्या सुमारास कारभारी आला. झाडांना कपडे नेसवलेले पाहून आधी हसला. मग एक घोंगडं उकलून त्याने आत पाहिलं, तेव्हा त्याच्या सगळं लक्षात आलं. गावाचा हक्क बुडाला, असं त्याने तिथल्या तिथे सांगितलं. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी कुऱ्हाडीवाले येतील, रान साफ होईल आणि मेंढ्यांसाठी गवत लावलं जाईल. रान गेलं म्हणजे पुढच्या हिवाळ्यात एक चूलही पेटणार नव्हती. एडिथ पुढे झाली. तिने विनवलं, “त्या दिवशी या थोरल्या झाडाला पालवी असेल, तर रान राहू द्या.” साल गोल सोललेलं झाड जगत नसतं हे कारभाऱ्याला ठाऊक होतं. आपलं काही जात नाही, असं समजून तो ‘बरं’ म्हणाला.

त्या दिवशी गावाने या झाडाखाली नवस केला. याला पान येईपर्यंत गावात दुसरी चूल पेटवायची नाही. आणि नवस पाळला. गोठलेल्या हातांनी लोक संध्याकाळी एका दाराशी जमत. मॉड खोकत होती, पण श्वास घेत होती.

एप्रिल सरला. ओकला कोंब आले, हेझल हिरवी झाली. लाइम मुळातच आळशी झाड, सगळ्यांच्या मागून उठतं. मेच्या पहिल्या दिवशी कुऱ्हाडीवाले आले तेव्हा सगळं गाव इथे उभं होतं, आणि झाड बोडकंच दिसत होतं. मॉडला तिच्या आईने शालीत गुंडाळून आणलं होतं. पोर आडवी निजून सारा हिवाळा छपराकडे बघत होती, तिला वर बघायची सवयच झालेली. तिने बोट केलं. पंजाएवढी साल उरली होती ना, बरोबर तिच्या वरच्या अंगाला एका फांदीवर पानं होती. ओली, पोपटी, नखाएवढी. त्याच एका फांदीवर, बाकी कुठे नाही.

कारभाऱ्याने मान वर करून पाहिलं. “एका फांदीला रान म्हणायचं का?” तो म्हणाला.

एडिथ म्हणाली, “एका चुलीवर गाव जगलं, साहेब.”

कारभाऱ्याने विचारलं, ती चूल कुठे आहे. लोकांनी त्याला झोपडीत नेलं. तो चुलीपाशी बसला, वाडगाभर गरम पेज प्याला आणि कुऱ्हाडीवाल्यांना घेऊन निघून गेला. काहीजण सांगतात, पुढे त्याने जहागीरदाराला ‘रान वठलेलं नाही’ एवढंच कळवलं. वॉल्टर म्हणायचा, काय कळवलं कुणास ठाऊक, पण रान समोर उभं आहे की नाही?

पुढच्या वर्षी झाडाच्या बुंध्यापासून धुमारे फुटले. ही भोवतालची तरणी झाडं, ही सगळी त्या धुमाऱ्यांची लेकरं-नातवंडं, असं मानतात. मॉड जगली, तिलाही मुलंबाळं झाली. जखमेच्या कडा फुगत फुगत जवळ आल्या आणि त्याचा हा वळ झाला.

आजही फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी एल्डरकोममध्ये घरोघरची शेगडी, हीटर, सगळं बंद होतं. दुपारी झाडाला लोकर बांधतात आणि संध्याकाळी गावात एकाच घरी आग पेटते. घर दरवर्षी बदलतं. त्या वर्षी जिथे आजारपण किंवा दुःख झालं असेल, त्या घरी आग जाते, आणि प्रत्येकजण कवेत मावेल एवढं लाकूड आणतो. कुणी विचारत नाही आणि कुणी बोलावत नाही.

आमचे हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतरचा फेब्रुवारी आला. मी हीटर बंद केला, दोन स्वेटर चढवले आणि बसले. इतकी वर्षं इथे राहून मी दर वेळी लाकूड घेऊन कुणाकुणाकडे गेले होते, पण आग आपल्याकडे येईल हे मनातही नव्हतं. आपण बाहेरचे. आमच्या घरातल्या शेकोटीच्या कोनाड्यात तर मी पहिल्या वर्षापासून देव मांडलेले. आदल्या दिवशी चिमणी साफ करणारा माणूस दारात आला होता. पत्ता चुकला असेल म्हणून मी त्याला चहा देऊन परत पाठवत होते, तर तो म्हणाला, “चुकला नाही, बाई. तुमचे देव तेवढे जरा सरकवा.”

मी देव स्वयंपाकघराच्या फळीवर नेऊन ठेवले, तरी मला पुरतं उमगलं नव्हतं. शनिवारी दिवेलागणीला दार वाजलं. वॉल्टर होता, दम लागलेला, कवेत लाकडं. त्याच्यामागे रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं उभी. आमच्या घरात चपला-बूट बाहेर काढतात हे कुणीतरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते एकेकजण वाकून, भिंतीला धरून, चिखलाचे बूट काढत होते. म्हाताऱ्यांना वेळ लागत होता. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मग मोठं पातेलं काढलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.