म्हाकू हाडवैद्याचा निरोप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. विचारलंत तर मी आकडा सांगेन आणि तो खोटा निघेल. खडकलोणच्या माळावर तेव्हा कमरेएवढं गवत होतं, एवढं कळलं तरी पुरे.

त्या माळाच्या कडेला म्हाकू मासाळ नावाचा धनगर राहायचा. मेंढरं होती थोडीफार, पण त्याची खरी ओळख हाडवैद्य म्हणून. कुणाचा खांदा निखळो, कुणाच्या बैलाचा पाय मोडो, म्हाकूनाना डोळे मिटून बोटं फिरवायचा, "बघ तिकडं, घार चाललीया," म्हणायचा, आणि माणूस वर बघेस्तोवर हाड जागच्या जागी. वरून बांबूच्या कांब्या, घट्ट पट्टी, झालं काम. दारात आलेल्याला त्यानं कधी माघारी लावलं नाही.

पण नाना म्हातारा होईना. ज्यांची हाडं त्यानं पाळण्यात असताना बसवली, त्यांच्या मिश्या पांढऱ्या झाल्या, आणि नाना होता तसाच. दर अवसेला दिवस कलला की तो माळाकडं निघायचा आणि सकाळी परत यायचा. धोतरभर कुसळं, पायाला माती, हातालाही माती. त्या संध्याकाळी माळावर करड्या तोंडाचा एक लांडगा दिसायचा. नानाच लांडगा होतो, असं म्हणतात. मी म्हणत नाही हो, गाव म्हणतं. आणि गावाला त्याचं काही वाटायचंही नाही, कारण खडकलोणच्या मेंढीला लांडगा कधी शिवला नाही. मग कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्या?

सगळं असं बरं चाललं होतं, आणि मग शिकणारी माणसं आली.

नीलकंठ दातीर आणि त्याची धाकटी बहीण कुमुद. तो पुण्याला कॉलेजात, ती मुलींच्या शाळेत शेवटच्या वर्गाला. आईबाप प्लेगात गेलेले. तिची वेणी घालण्यापासून तिला पाढे शिकवण्यापर्यंत सगळं नीलकंठानं केलेलं. जगात त्याला ती आणि तिला तो, तिसरं कुणी नाही. सुट्टी लागली की दोघं गावोगाव हिंडायची आणि तिथल्या दंतकथा खऱ्या की खोट्या ते तपासून वहीत उतरवायची. खडकलोणात ती चावडीशेजारच्या खोलीत उतरली.

"नाना, तुम्ही लांडगा होता म्हणे?" नीलकंठानं सरळ तोंडावरच विचारलं.

"जेवलास का तू?" नाना म्हणाला. वहीत एवढंच उतरलं.

अवस आली. कुमुदचा घोटा मुरगळला होता, नानानंच पट्टी बांधली होती, म्हणून ती खोलीवर राहिली. दिवेलागणीला नाना निघाला आणि नीलकंठ गुपचूप त्याच्या मागं गेला. दुसऱ्या दिवशी नाना नेहमीसारखा सकाळी आला. नीलकंठ आला दुपारी, एकटाच हसत.

"काय माणसं आहेत, कुमे," तो म्हणाला. "नाना गवतात दिसेनासे झाले, मग एकटाच किती चाललो कोण जाणे. गवत आपणच बाजूला होत होतं. मग दगडाचं एक घर लागलं. आत दिवा नाही, तरी उजेड. सगळ्यांनी काळी घोंगडी पांघरलेली. मला कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ऊन ऊन दूध दिलं. मी तिथं असा झोपलो ना, आई गेल्यापासून असा झोपलो नव्हतो."

कुमुदला आधी बरंच वाटलं. पण आठ दिवसांत रंग दिसायला लागला. नीलकंठ दिवसा जागा राहीना. तो गल्लीतून चालला की कुत्री शेपूट पायात घालून भिंतीला चिकटायची. कोण येतंय हे त्याला दार वाजायच्या आधी वासानं कळायचं. वही उघडली तर त्याला अक्षर लागेना. तो म्हणायचा, या मुंग्या कशाला धरून ठेवल्यात? एकदा त्याच्या डोक्याला तेल लावताना कुमुदचा हात मानेखाली गेला, आणि तिथं तिला राठ करडी लव लागली. तिनं हात काढला नाही. तशीच तेल लावत राहिली आणि रडत राहिली.

आणि एक दिवस तिनं ताट वाढलं, तेव्हा त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

प्लेगानं तिला एकच माणूस ठेवला होता, आणि तो तिला ओळखेना.

ती लंगडत नानाकडं गेली आणि सगळं सांगितलं. नानानं एवढंच विचारलं, "तिथनं निघताना त्यो काय बोलला?"

कुमुद परत खोलीवर आली. तिनं भावाला हलवून हलवून विचारलं. तेवढं मात्र त्याला आठवत होतं. "काय बोलणार? 'येतो' म्हणालो. घरच्यासारखं केलं त्यांनी, तसंच उठून येणं बरं दिसतं का?"

तिनं ते परत जाऊन सांगितलं, तशी नानानं हातातली कांब खाली ठेवली.

"मीबी त्येच म्हणालो व्हतो," तो म्हणाला. "दुष्काळाचं साल व्हतं. घोंगडं पांघरल्याला एक माणूस दारात आला. म्हणाला, पोराचा पाय मोडलाय, चल. गेलो. पट्टी बांधताना बोटाला केस लागलं. कळलं मला, कुनाचं पोर हाय ते. पर हाड ते हाड. बसवलं. त्यांनी दूध दिलं, प्यालो. आन उंबऱ्यात हुबा राहून, आयनं शिकवल्यालं बोललो. येतो म्हणालो."

"त्यात काय चुकलं?"

"आपल्यात येतो म्हंजी जातो, पोरी. त्यांच्यात येतो म्हंजी येतो. ती वाट बघत बसत्यात. अवस आली का हाक लागती, मग पाय थांबत न्हाईत. मला हितली मोडकी हाडं माघारी वढत्यात. ह्याला कोन वढणार? ह्या अवसंला गेला का त्यो तिकडचाच. तिथल्या उंबऱ्यात 'जातो' म्हणलं तरच सुटका."

"मी ओढीन," कुमुद म्हणाली. "पण नाना, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही 'जातो' का नाही म्हणालात?"

नानानं ती कांब परत तासायला घेतली. "जित्या माणसानं म्हणायचा शब्द हाय का त्यो? जिभंवर चढलाच न्हाई. आन खरं सांगू, भ्यालो. माझी समदी वर्सं त्यांच्यापाशी ठेवल्याली हाईत. त्यो शब्द बोललो का ती येकदम अंगावर येत्याल."

अवसेला दिवस मावळायच्या सुमाराला तिघं निघाली. नीलकंठ पुढं, त्याचा हात धरून कुमुद, मागं नाना. तिघं गवतात शिरली आणि गवत आपणच बाजूला झालं, असं म्हणतात. पायाखाली जमीन आहे की नाही तेही कळेना. कुमुदचा घोटा दुखायचा थांबला. मग ते दगडाचं घर लागलं, आणि आत तो दिव्याविना उजेड.

नीलकंठ त्यांच्यात जाऊन बसला आणि त्यांच्यातलाच एक दिसायला लागला. एका म्हातारीनं कुमुदला जवळ घेतलं. तिच्या घोंगड्याला आईच्या पदराचा वास येत होता, हळदीचा आणि चुलीच्या धुराचा. कुमुदनं दूध घेतलं. बारा वर्षांत तिला कुणी मांडीवर घेतलं नव्हतं. तिला वाटलं, भाऊ इथं सुखात आहे, आपणही इथंच राहावं. कोण वाट बघतंय आपली? मी तरी तिला नावं ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका.

नाना खाकरला. कुमुद कशीबशी उठली. भावाचा हात धरून ओढत ओढत तिनं त्याला उंबऱ्यापाशी आणलं.

"निघालीस का गं बाळ?" म्हातारीनं विचारलं.

चांगल्या वळणाची पोर ती. वाटेनं शंभरदा घोकलेला शब्द राहिला बाजूला. तिचे हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून निघालं, "ये..."

घरातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

"जातो," नाना मागून म्हणाला. "ही दोगं आन मी. तिघंबी जातो."

कुणी गुरगुरलं नाही, कुणी अंगावर आलं नाही. म्हातारीनं नुसती मान खाली घातली, आणि सगळ्यांनी सरकून वाट दिली. त्याचंच फार वाईट वाटलं, असं कुमुद पुढं सांगायची.

परतीच्या वाटेवर गवत बाजूला होईना, हातानं सारावं लागलं. ओढ्यापाशी नीलकंठ थांबला आणि म्हणाला, "कुमे, तू लंगडतेस का गं?" ती तिथंच त्याच्या गळ्यात पडली. तेवढ्यात मागून धप्पकन आवाज आला. नाना खाली बसला होता. केस पांढरेफेक, पाठीचं धनुष्य, तोंडात दात नाही. सगळी वर्षं आली होती. नीलकंठानं त्याला पाठुंगळी घेतलं. कापसाच्या गाठोड्याएवढंही वजन नव्हतं, असं म्हणतात.

उजाडताना शीव लागली.

"आलं का गाव?" नानानं विचारलं.

"आलं, नाना."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि गेला.

शिवेवरच त्याला माती दिली आणि वर एक दगड उभा केला. हात-पाय मोडलेलं माणूस बरं झालं की आपली पट्टी आजही तिथं सोडतं. आणि तेव्हापासून खडकलोणात निरोप घेताना कुणी 'येतो' म्हणत नाही. सरळ 'जातो' म्हणतात. सासरी निघालेली पोर आईच्या गळ्यात पडून 'जाते' म्हणते आणि आई 'जा' म्हणते. बाहेरगावचे वऱ्हाडी कानांवर हात ठेवतात. ठेवू द्या.

'येतो' म्हणायचं ते फक्त त्या दगडापाशी, आणि म्हटलं की यायचंच. ही रीत कुमुदनं घातली. पुण्याला निघताना ती दगडाला हात लावून म्हणाली, "येते, नाना." पुढच्या साली आली. त्याच्या पुढच्या साली आली. लग्न झालं, लेकरं झाली, तरी आली. अशी बेचाळीस वर्षं आली.

शेवटच्या साली तिला चालवत नव्हतं. साठी उलटलेल्या नीलकंठानं तिला पाठुंगळी आणलं आणि दगडापाशी उतरवलं. ती बराच वेळ बसली. मग उठायच्या आधी दगडावरून हात फिरवून म्हणाली, "जाते, नाना."