मैनेची हाक

डोंगरापलीकडच्या जंगलात, उंबराच्या ढोलीत, एक मैना आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. गाण्याच्या चाली बांधाव्यात तर तिनेच. तिथली रीत अशी, की चाल बांधणाऱ्याने गाण्याच्या शेवटी आपली हाक लावायची. म्हणजे चाल कोणाची, हे सगळ्यांना कळे. पण मैनेच्या गाण्याला कोणी थांबत नसे.

एकदा कोल्हा तिला म्हणाला, "मैनाताई, बाईमाणसाच्या चालीला दाणे कोण देणार? राघूचा रंग बघ, ऐट बघ. तू बांध, तो गाईल. शेवटची हाक तेवढी त्याची." पिल्लांच्या चोची उघड्याच होत्या. मैना कबूल झाली. राघू ऐकलेले हुबेहूब म्हणे. लांबलांबचे प्राणी दाणे घेऊन येऊ लागले. त्यातला मोठा वाटा कोल्ह्याचा, मूठभर मैनेचा.

पुढे तिला नवी चाल सुचेना. तेव्हा कोल्ह्याने तिची एक खास हाक मागितली, ससाणा आला की पिल्लांना 'लपा' सांगणारी. मैना गयावया करून म्हणाली, "ती नको. ती माझ्या पिल्लांची आहे." पण दाणे बंद होतील म्हटल्यावर तिने तीही दिली. मग राघू रोज दुपारी ती गाऊ लागला. पिल्ले आधी दचकून आत सरत. पुढे पुढे तीच ऐकायला ढोलीबाहेर डोकावू लागली. मैनेला हे दिसे. उद्या पिल्लांना समजावू, असे म्हणत ती दिवस ढकलत राहिली.

एके दुपारी पानांवरून एक काळी सावली सरकली. मैना दूर होती. तिने जिवाच्या आकांताने तीच हाक दिली. पिल्ले हसत बाहेर आली. धाकटे म्हणाले, "राघूमामा आज लवकर आले!" सावली खाली आली. सूर, ताल सारे विसरून मैना फाटक्या आवाजात ओरडली, "बाळांनो, मी आई आहे! आत जा!" आणि तिने मध्येच झेप घेतली. पिल्ले आत गेली. ससाण्याच्या नखांत मैनेच्या शेपटीची पिसे राहिली.

दुसऱ्या दिवशी कोल्हा नवी चाल मागायला आला. मैना उरलेली पिसे सावरत होती. ती हळूच म्हणाली, "यापुढे चालीच्या शेवटी माझीच हाक राहील."

"मग दाणे मिळणार नाहीत."

"मी वेचून आणीन," मैना म्हणाली आणि पिल्लांना नवी हाक शिकवायला ढोलीत गेली.

तात्पर्य : आपली कला दुसऱ्याच्या नावावर विकली, तर संकटात आपला आवाज आपल्याच माणसांना ओळखू येत नाही.