रांजणांतले कापड

ज्या दिवशी ती बातमी आली, त्या दिवशी शूर्पारक बंदराच्या धक्क्यावर नेहमीसारखी जहाजाची भरणी चालू होती. तेव्हा तिथे राजा सुधृती राज्य करीत होता आणि बोधिसत्त्व समुद्रापार व्यापार करणाऱ्या एका पेढीचा प्रमुख होता. पेढीत भांडवल भागीदारांचे, कापड विणकरांचे आणि कष्ट खलाशांचे.

पाण्याचे बहुतेक रांजण कापडाने भरून न्यायचे, अशी तिथली रीत होती. कापड कोरडे राही. जाताना वारा पाठीशी असे, पाणी थोडे पुरे. परतीचा प्रवास लांबे, म्हणून मिऱ्यांच्या बेटावर माल उतरवून तेच रांजण तिथल्या तळ्यावर भरून घेत.

त्या दिवशी परतलेल्या जहाजाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, रोहक याने सांगितले, की यंदा तळे आटत आले होते. तरी रांजण रीतीप्रमाणे भरले. मग बेटावरच्या नालिका नावाच्या म्हातारीची मुलगी पाण्यासाठी डोंगरापलीकडे गेली आणि कड्यावरून पडून वारली.

बोधिसत्त्वाने भरणी थांबवली. रांजणांतून परतीचेही पाणी इथूनच न्यावे, असे तो म्हणाला.

भागीदार कुंडलाने विचारले, "ते बेट आपल्या पेढीत भागीदार कधी झालं?"

"आपण त्यांचं पाणी प्यायलो तेव्हा."

विणकरांचा उत्तर नावाचा मुखिया हळूच म्हणाला, "शेठ, कापड इथेच राहिलं तर आमच्या घरी चूल कशी पेटेल?"

प्रश्न खरा होता. शेवटी बोधिसत्त्वाने ठरवले, की आपला आणि भागीदारांचा माल मागे ठेवावा. विणकरांचा तेवढा मेणकापडात बांधून खलाशांच्या निजायच्या जागी रचावा.

"म्हणजे कापड कोरडं, आम्ही ओले," रोहक म्हणाला.

बोधिसत्त्वाने जहाजावरची आपली खोली खलाशांना दिली. तरी कोणीच पुरते समाधानी नव्हते. कुंडल आपले भांडवल घेऊन निघून गेला. पण त्यानंतर पेढीच्या जहाजांनी त्या तळ्यातून पाणी घेतले नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू भगवान, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कुंडल म्हणजे आज विहाराचे भांडार सांभाळणारा भिक्षू. उत्तर म्हणजे तुमची चीवरे शिवणारा उपासक, रोहक म्हणजे नदीवरचा नावाडी. पेढीचा प्रमुख मीच होतो."

जवळच्याइतकीच दूरच्याचीही काळजी वाहणे, ही त्या जन्मीची मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेली मैत्री.

नालिकेच्या दारी समाचाराला जायचे मात्र त्या जन्मी राहून गेले.